बोअर अजून खोल नेण्याआधी वावर उकरून बघा: कमी पाण्याच्या शेतीत माती सुधारून पाणी कसं टिकवायचं

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडला की आपण सगळे गोणीची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर जातो. मी पण असाच उभा होतो, जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातलं आमचं सहा एकर, अर्धं काळं अर्धं मुरमाड, आणि बघतो तर वावरातून चहासारखं पाणी नाल्याकडे पळतंय. शेजारचे आबा हसत म्हणे, "पानी कोठे जाई राह्यनं रे भो?" मी पण हसलो, पण घरी येऊन हिशोब मांडला आणि मग हसू आलं नाही.

हिशोब असा. एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर. २५ मिमीची एक चांगली सर म्हणजे एकराला एक लाख लिटर. तुमची मोटार तासाला १५ हजार लिटर ओढत असेल तर तेवढं पाणी काढायला पावणेसात तास लागतात, आणि ते पण रात्रीची लाईट टिकली तर. वर्षाला ६०० मिमी धरला तर एकरी चोवीस लाख लिटर पाणी फुकट घरपोच येतं, आपण त्यातलं किती ठेवतो हाच प्रश्न आहे. शिरपूर पॅटर्नमध्ये नाले खोल करून पाणी जिरवलं ते सगळ्यांना माहीत आहे, चांगलंच काम आहे, पण नाल्यात पाणी येतं ते आपल्याच वावरातून, येताना चांगली माती घेऊन येतं, ते कोणी बोलत नाही.

हे सगळं ज्यांची विहीर जानेवारी-फेब्रुवारीत तळाला जाते आणि ठिबक असूनही कपाशीला शेवटचं पाणी पुरत नाही त्यांच्यासाठी लिहितोय. बारमाही पाणी असलेल्या केळीवाल्यांना पण यातलं बरंच लागू होईल, रावेर-यावलकडे पण आता बोअरची पातळी कुठे गेलीय ते त्यांना विचारा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. व्हॉट्सॲपवर फिरतं की सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणातून मातीत राहिलेला कार्बन, १ टक्का वाढला की माती लाखो लिटर जास्त पाणी धरते. एवढं काही होत नाही भाऊ. भारी काळ्या जमिनीची पाणी धरायची ताकद मुळातच जास्त असते, एक मीटर खोल असेल तर पिकाला मिळेल असं १५० ते २०० मिमी पाणी ती धरू शकते, कर्बाने त्यात थोडीच भर पडते. खरा फायदा वेगळा आहे, पाणी आत शिरतं लवकर, वरून उडतं कमी, आणि मुळं खोल जातात म्हणून खालची ओल पिकाच्या कामी येते. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र कर्बाचा फरक जास्त जाणवतो. त्यामुळे जे काही करायचं ते या तीन गोष्टींसाठी करायचं, माती तपासणीच्या कार्डावरचा आकडा वाढवायला नाही.

पहिलं काम: माती बघणं

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, नवीन साल सुरू झालं की हे करा. खर्च जवळपास शून्य.

दोन फूट खड्डा घ्या. नुसतं बघा. मुळं कुठपर्यंत गेलीत, सरळ गेलीत की सात-आठ इंचावर आडवी वळलीत? आडवी वळली असतील तर तिथे कडक थर आहे. पावसाळ्यात वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल सुकून नुसती ओल राहिल्यावर, एक पातळ सळई हाताने दाबून बघा, लोण्यासारखी जाते आणि एकदम अडते तोच तो थर. दरवर्षी रोटाव्हेटर एकाच खोलीवर मारून आणि ओल्या वावरात ट्रॅक्टर घालून तो आपणच बनवलेला असतो.

मग काचेचा ग्लास. वाळलेलं लिंबाएवढं ढेकूळ हळूच पाण्यात सोडा. पाणी पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या, बोअरचं नको, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार खरा प्रकार लपवतात. ढेकूळ टिकलं तर छान. पाच मिनिटात विरघळून तळाला बसलं पण वरचं पाणी स्वच्छ, तर मातीला धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ कमी आहे. आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळच राहिलं, दुधाळ चहासारखं, तर सोडियमचा प्रॉब्लेम, म्हणजे जमीन चोपण (घट्ट, निचरा न होणारी) व्हायला लागलीय. या दोन गोष्टींचा इलाज वेगळा आहे म्हणून हा ग्लास महत्त्वाचा.

तिसरं, सहा इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. तो तीन इंच जमिनीत ठोका, आतली माती ओली करून घ्या, मग साधारण साडेचारशे मिली पाणी ओता, म्हणजे एक इंच पाऊस झाला. मुरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर लावा. आमच्या काळ्या तुकड्यात मी घरी जाऊन चहा पिऊन आलो तरी पाणी तसंच होतं, आणि बांधावर कडुनिंबाखाली, जिथे कधी नांगर लागला नाही, तिथे ओतता ओतताच गेलं. माती एकच, अंतर वीस पावलं. खरं सांगतो, मला पटलं ते इथे, कोणत्या मीटिंगमध्ये नाही.

आणि लॅबची तपासणी. नागमोडी चालत १०-१२ ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा घेऊन १५ ते २० सेंमीपर्यंतची माती, मिसळून अर्धा किलो. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका, काळी आणि मुरमाड वेगळी द्या. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात १२ गोष्टी असतात, आपल्याला आधी तीनच बघायच्यात: सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कर्ब ०.५ च्या खाली म्हणजे कमी. सामू ८.५ च्या वर असेल तर सोडियमची वेगळी तपासणी सांगून करून घ्या. बोअरच्या पाण्याची बाटली पण द्या, हे बहुतेक लोक विसरतात आणि मग वर्षानुवर्षं मातीवर खर्च करतात, दोष पाण्यात असतो.

सोडियम निघाला तर जिप्सम, पण किती ते रिपोर्टप्रमाणे, शेजाऱ्याने किती टाकलं त्यावर नाही. पावसाआधी वरच्या चार-सहा इंचात शेणखतासोबत मिसळायचं, कारण सुटलेला सोडियम खाली धुवून न्यायला पाऊस आणि निचरा दोन्ही लागतात. पाणी बाहेर जायला चर नसेल तर जिप्समचे पैसे वाया. नुसता चुनखडीचा प्रकार असेल आणि सोडियम नसेल तर जिप्समची गरजच नाही, दुकानदार काही का म्हणेना.

दुसरं: पळणारं पाणी चालतं करणं

नळीत पाणी भरून किंवा नुसतं पावसात उभं राहून उतार कुठला ते ओळखा. वखरणी, पेरणी, सरी सगळं उताराला आडवं. हे आपल्या आजोबांना माहीत होतं, ट्रॅक्टर आल्यावर ड्रायव्हरला लांब फेरी सोपी पडते म्हणून उताराच्या दिशेने पेरणी सुरू झाली. ड्रायव्हर कुरकुर करेल, चहा पाजा पण आडवं करून घ्या. वावराचा आकारच उलटा असेल तर निदान पेरणीनंतर महिन्याभराने दर चार ते सहा ओळींनंतर एक मृत सरी (पाणी अडवायला ओळींमधे काढलेली रिकामी सरी) काढा, कोळप्याला दोरी गुंडाळून निघते.

बांधाचं पाणी जिथून फुटतं तिथे दगडाचा सांडवा करा. बांधाला हात लावताना शेजाऱ्याला विचारून लावा, आपल्याकडे वीतभर बांधावरून लोक तहसीलपर्यंत जातात.

काळ्या जमिनीत एक उलटी काळजी पण आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पहिला पाऊस भेगांतून थेट खाली जातो, पण फुगून भेगा मिटल्या की पाणी अगदी सावकाश मुरतं. म्हणून तिथे नुसतं अडवून चालत नाही, तुंबलं की कपाशी पिवळी पडते. रुंद वरंबा आणि बाजूला सरी ठेवली तर थोडक्या पावसात सरीत पाणी मुरतं आणि जास्त पावसात सरीतूनच सावकाश बाहेर निघतं. मुरमाडात याची गरज नाही, तिथे धरणाचा किंवा पाझर तलावाचा गाळ टाका, 'गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेत लोकांनी नेलाच आहे. पण काळ्या वावरात गाळ ओतू नका, आधीच चिकण माती त्यात अजून चिकण माती, काय साधलं?

तिसरं: रोटाव्हेटरला सुट्टी

पूर्ण बंद करा म्हणत नाही. पण पिठासारखी बारीक माती दिसायला सुंदर आणि पहिल्या सरीत वर पापडी धरणारी, पाणी तिच्यावरून घसरतं आणि उगवण पण अडते. कडक थर सापडला असेल तर मे महिन्यात माती पूर्ण कोरडी असताना एकदा सबसॉयलर (खालचा थर फोडणारं खोल फाळाचं अवजार) मारून घ्या, ओलीत मारला तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते. नंतर खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा बास, बाकी वखरणीवर भागवा. मागच्या पिकाची धसकटं जमिनीत तशीच राहू द्या, मुळं कुजून जी भोकं पडतात त्यातून पाणी खाली जातं, तेवढी बारीक नळी कोणतंच यंत्र करून देत नाही. वाफसा नसताना ट्रॅक्टर आत घालायचा नाही ही एकच गोष्ट पाळली तरी अर्धं काम होतं, आणि हीच सगळ्यात अवघड आहे कारण ट्रॅक्टर भाड्याचा असतो आणि तो आपल्या वाफशाची वाट बघत नाही.

चौथं: पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), आपलं सगळ्यात मोठं खत जे आपण जाळतो

इथे जरा थांबून लिहितो कारण खान्देशात खरी संपत्ती हीच आहे. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी कुठेही बघा, बांधाबांधावर धूर. शेणखत महाग झालं म्हणून रडायचं आणि ट्रॉलीभर पऱ्हाटी पेटवायची.

जाळण्यामागे एक खरं कारण आहे, गुलाबी बोंडअळी. उरलेल्या किडक्या बोंडांत ती राहते, म्हणून पऱ्हाटी उभी ठेवणं किंवा बांधावर रचून ठेवणं चूकच. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी ठेवून काढलेलं जादा पीक, पण घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी संपवा. मग आधी वावरात मेंढ्या बसवा. आपल्याकडे ठेलारी मेंढपाळ येतातच, मेंढ्या उरलेली बोंडं आणि पाला खातात आणि लेंडी-मूत जागेवरच पडतं, वाहतूक खर्च नाही. दोन-चार रात्री बसवल्या तरी पुढच्या पिकात ती पट्टी वेगळी ओळखू येते. त्यानंतर श्रेडरने पऱ्हाटी बारीक करा. भाड्याने मिळतो, गटाने घ्यायचा असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो.

आता माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी श्रेडर उशिरा मिळाला, मे संपत आलेला, मी तुकडे केले आणि रोटाव्हेटरने सगळं मातीत कालवून वरून कपाशी लावली. झालं काय, कपाशी महिनाभर पिवळी पडून बसली, शेजारच्यांची गुडघ्याला आणि माझी वीतभर. पऱ्हाटीत कार्बन खूप आणि नत्र कमी, ती कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि पिकाला उपाशी ठेवतात. म्हणजे कच्ची काडी पेरणीच्या तोंडावर मातीत गाडायची नाही. वर पसरली तर एवढा त्रास नाही, कारण मातीशी तिचा संबंध वरवरच येतो.

म्हणून दोन रस्ते. एक, तुकडे आच्छादन म्हणून ओळींच्या मधे टाका, दोन इंच तरी थर हवा. दुसरा, ढीग लावून कुजवा. उसाच्या पाचटाला जी मात्रा सांगतात तीच मी धरतो, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारं कल्चर, सोबत शेणकाला. फूटभर थर, त्यावर शेणकाला, परत थर, कमरेपेक्षा जरा उंच झालं की वरून माती किंवा जुनी ताडपत्री. ओल किती? मूठभर घेऊन दाबलं तर हात ओला व्हावा पण थेंब गळू नये. महिन्याने एकदा पलटायचं. बोंडअळीसाठी पण हा रस्ता बरा, ढीग आतून चांगला तापतो.

आता तुम्ही म्हणाल एप्रिलमध्ये ढिगाला पाणी कुठून आणू, प्यायला टँकर येतो. बरोबर आहे. आम्ही ढीग गोठ्याजवळ लावतो, हौदाचं सांडपाणी आणि गुरं धुतलेलं पाणी तिकडे सोडतो. ते पण नसेल तर उन्हाळ्यात नुसता रचून झाकून ठेवा, पाऊस लागला की कुजेल, ते खत पुढच्या वर्षाला.

मक्याचा चारा आणि ज्वारीचा कडबा गुरांना लागतो, तो मातीत टाका असं सांगणाऱ्याच्या घरी गाय नसावी. पण हरभऱ्याचं, तुरीचं, सोयाबीनचं कुटार जे खळ्यावर उडून जातं ते तरी गोळा करा. केळीवाल्यांनी खांब रस्त्याच्या कडेला फेकण्याऐवजी चिरून दोन ओळींच्या मधे टाकावेत, त्यात पाणी आणि पालाश दोन्ही भरपूर असतं. व्हायरस आलेली झाडं मात्र बाहेर काढून नष्ट करा.

पाचवं: शेणखत, हिरवळ आणि ते जीवामृत

शेणखत कोरडवाहूला एकरी दोन टन, बागायतीला चार टन, पूर्ण कुजलेलंच. कच्चं टाकलं की मुळं खाणारी हुमणी अळी घरी बोलावली समजा. तेवढं नसेल तर सगळीकडे चिमूटभर उडवण्यापेक्षा दरवर्षी एक तुकडा नीट खतवा.

ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं एकरी २० ते २५ किलो पेरून ४५-५० दिवसांनी फुलं यायच्या आत गाडायचा, पुस्तकात असं असतं. पण आपल्याकडे पाऊसच तेवढा, खरीपाचा हंगाम असा कोण सोडणार? माझं मत, पूर्ण वावरात हिरवळीचं पीक फक्त चोपण तुकड्यात, तिथे धैंचा चांगला येतो. बाकी ठिकाणी कपाशीच्या मधे मूग किंवा उडीद घ्या. शेंगा तोडून झाल्या की वेल तिथेच कापून ओळीत अंथरा, कळण्याच्या भाकरीपुरता उडीद पण घरचा झाला. बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या पावसात खोचून द्या, तीन-तीन फुटांवर. वासामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षापासून वाकून पाला कापायचा आणि सरीत टाकायचा.

जीवामृताबद्दल भांडणं खूप होतात. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधाची माती, मी पण करतो. पण ते विरजण आहे, दूध नसेल तर दही कशाचं लागणार? उघड्या तापलेल्या मातीवर जीवामृत ओतून चमत्कार होत नाही. आधी काडीकचरा, मग विरजण.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला कधी गेलात, जिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तर गावाने राखलेल्या जंगलातला पाला बाजूला करून हात घालून बघा. आच्छादन म्हणजे काय ते हाताला कळतं.

सहावं: उभ्या पिकातलं पाणी

एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, म्हातारे म्हणायचे. पाऊस उघडून वाफसा आला की लगेच कोळपं घाला, वरची दोन बोटं माती मोकळी झाली की खालची ओल वर चढायची वाट तुटते, काळ्या जमिनीत भेगा पण बुजतात. आच्छादन टाकलेल्या पट्टीत कोळपं चालत नाही, तिथे गवत हाताने उपटा किंवा कापा आणि तिथेच टाका.

ठिबक आहे म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ कॉक फिरवू नका. मुरमाडात थोडं थोडं आणि लवकर लवकर, काळ्यात जास्त वेळ पण अंतर ठेवून, म्हणजे मुळं खाली जातील. पाणी द्यायचं का नाही हे मातीला विचारा. अर्धा फूट आणि एक फूट खालची मूठभर माती दाबा. गोळा होतच नाही, पाणी द्या. गोळा होतो आणि फूटभरावरून सोडला की फुटतो, दोन दिवस थांबा. हाताला चिकटतो, मोटारीकडे बघू पण नका. लांब खंड पडून सुकलेल्या कपाशीला एकदम ढसाढसा पाणी दिलं तर आकस्मिक मर येते, झाडं उभ्या उभ्या माना टाकतात, तिथे आधी हलकं पाणी द्या. पाटाने देणाऱ्यांनी एक आड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीत उरलेल्या सऱ्या.

बोअरचं पाणी खारं असेल तर ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. ते क्षार आहेत. पुढच्या वर्षी नळी सरकवून नेमकं त्या रेघेवर बी लावू नका, आणि पहिल्या रिमझिम पावसात ते क्षार मुळांकडे सरकतात म्हणून तेव्हा ठिबक थोडा वेळ चालू ठेवावा लागतो. पावसात मोटार चालू बघून लोक हसतात, हसू द्या.

हरभऱ्याला दोनच पाणी असतील तर एक महिन्याने आणि दुसरं दोन महिन्यांनी, फुलांच्या भरात देऊ नका.

आणि काळा खोल तुकडा असेल तर अर्ध्या एकरात दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, पेरून बघा. आपल्या तापीकाठी ती वर्षानुवर्षं बिनपाण्याची येते, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पावसाळ्याच्या ओलीवर काढायची. तुमच्या मातीने किती पाणी धरलं ते दादर फेब्रुवारीत दाखवते, वर गुरांना कडबा.

सगळं वावर एकदम करू नका. अर्धा एकर घ्या, शेजारी तेवढीच पट्टी जुन्या पद्धतीने ठेवा, दोन्हीकडे एकाच मापाचा पाइप दरवर्षी मे महिन्यात ठोका, त्याच जागी, आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. आमचे आबा आता स्वतः घड्याळ धरून बसतात, आणि पाणी लवकर मुरलं की म्हणतात तू कमी ओतलं.